आईच्या खुब्याच्या इम्प्लांटभोवती बोन स्कॅनमध्ये काळा डाग आलाय, म्हणजे नक्की काय समजायचं?

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच सांगते. आई ६६ वर्षांची, वाईला असते. मागच्या वैशाखात तिचा उजवा खुबा बदलला, झिजला होता पार. पूर्ण हिप रिप्लेसमेंट, बिनसिमेंटवालं. आता चौदा महिने झाले. ऑपरेशन छान झालं, दीड महिन्यात वॉकर सुटला, चौथ्या महिन्यात काठी सुटली, गणपतीत ओट्याशी उभं राहून एकवीस मोदक केले तिने.

पण मांडीत पुढच्या बाजूने, अगदी मधोमध, एक कळ येते ती काही जात नाहीये. खुर्चीतून उठली की पहिली चार-पाच पावलं येते. दाराच्या चौकटीला हात टेकून उभी राहते, बोलत काही नाही पण ओठ आवळलेले दिसतात, मग चालायला लागली की हळूहळू कमी होते. रात्री दुखत नाही, ताप नाही, जखम चांगली भरलीय.

डॉक्टरांनी ईएसआर, सीआरपी केलं, म्हणजे सूज-इन्फेक्शन आहे का ते बघायच्या रक्ताच्या तपासण्या, दोन्ही नॉर्मल. एक्सरे काढला, ठीक वाटतंय म्हणाले, तरी खात्री करून घेऊ म्हणून पुण्याला बोन स्कॅनला पाठवलं. सकाळी नऊला हाताच्या शिरेत इंजेक्शन दिलं, मग भरपूर पाणी प्या सांगून तीन तास बसवून ठेवलं, मग मशीनखाली झोपवलं. फोटोत सगळा सांगाडा फिकट राखाडी आणि उजव्या मांडीत शाईचा थेंब सांडावा तसा काळा डाग. रिपोर्टमध्ये लिहिलंय की स्टेमच्या (मांडीच्या हाडात बसवलेल्या धातूच्या दांड्याच्या) टोकाशी आणि थोडा वरच्या बाजूला अपटेक वाढलाय, लूझनिंगची म्हणजे इम्प्लांट सैल झाल्याची शक्यता, क्लिनिकली जुळवून बघा.

आईने तो फोटो बघितला आणि मला विचारलं, आत काय पेटलंय का गं? मला उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात मामाने सांगून टाकलं की बॉडीने इम्प्लांट रिजेक्ट केलंय, आमच्या ओळखीत एकाचं असंच झालं होतं. तेव्हापासून ती घाबरून जास्त वेळ पडूनच असते. आमची डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या शुक्रवारी आहे, तोपर्यंत मला निदान समजून घ्यायचंय. शरीर असं धातू रिजेक्ट करतं का? हाड त्या धातूला धरलंय की नाही हे बाहेरून फोटो काढून कळतं तरी कसं? आणि आत एवढा धातू असताना एमआरआय होतो का, कारण तिकडे एक जण म्हणाले होतच नाही.

हाडांचा_रजिस्ट्रार:

ताई, मी ऑर्थोला तिसऱ्या वर्षाला आहे, नागपुरात. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शुक्रवारी तुमचे सर्जन सांगतील ते अंतिम. पण तुम्ही इतकं नीट लिहिलंय की बरंच काही सांगता येईल.

आधी रिजेक्शन. किडनी बदलल्यावर जे होतं ते शरीर दुसऱ्या माणसाच्या पेशी ओळखतं म्हणून होतं. टायटॅनियमला पेशी नाहीत. त्या अर्थाने हिपचं रिजेक्शन होत नाही. होऊ शकतं ते वेगळं, म्हणजे इन्फेक्शन, किंवा हाड धातूला न धरणं म्हणजे लूझनिंग, किंवा बऱ्याच वर्षांनी झिजलेल्या प्लास्टिकच्या कणांमुळे हाड पोखरलं जाणं, कुणाकुणाला क्वचित धातूच्या कणांचा त्रास. प्रत्येकाची लक्षणं वेगळी, फोटोतली खूण वेगळी. मामांनी सगळं एकाच पोत्यात भरलं.

आता हाड धरतं म्हणजे काय ते बघा. बिनसिमेंटच्या स्टेमचा वरचा भाग मुद्दाम खरखरीत, बारीक भोकांचा केलेला असतो, भोकं साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची. सर्जन तो स्टेम हाडात घट्ट ठोकून बसवतात आणि पुढच्या काही महिन्यांत हाड त्या भोकांत शिरतं. अट एकच, तिथे हालचाल नको. पन्नासेक मायक्रॉनच्या आत हालचाल असेल, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, तर हाड आत येतं. दीडशे मायक्रॉनच्या वर गेली की हाडाऐवजी तंतूंचा पडदा तयार होतो, आणि मग स्टेम कायम थोडा थोडा हलत राहतो.

ही केसाएवढी हालचाल साध्या एक्सरेवर दिसत नाही. दिसतो तो हाडाने तिला दिलेला प्रतिसाद. अमेरिकेतल्या एंग यांनी १९९० मध्ये या खुणा नीट मांडल्या, आम्ही अजून त्याच वापरतो. हाड धरलं असेल तर खरखरीत भाग जिथे संपतो तिथे आतल्या बाजूने हाडाचा छोटासा पूल दिसतो, धातूपर्यंत आलेला, त्याला स्पॉट वेल्ड म्हणतात. धरलं नसेल तर खरखरीत भागाच्या कडेने काळी रेघ आणि तिच्या बाहेर पांढरी कड दिसते, स्टेम खाली सरकलेला दिसतो, कधी टोकाखाली हाडाचा आडवा ओटा बनतो. म्हणून शुक्रवारी सरांना विचारा, खरखरीत भागाशी रेघ आहे का? गुळगुळीत टोकाशी बारीक रेघ असली तर तिला तेवढं महत्त्व नाही.

आणि बोन स्कॅनबद्दल महत्त्वाचं. बिनसिमेंटच्या हिपभोवती, विशेषतः टोकाशी, वर्षभर काय, दोन वर्षांपर्यंतही डाग दिसू शकतो आणि तरीही सगळं व्यवस्थित असू शकतं. चौदाव्या महिन्यात तो डाग एकटा काही ठरवत नाही. उठल्यावर पहिल्या पावलांना दुखणं हे मात्र आम्ही गंभीरपणे घेतो, त्याला स्टार्ट-अप पेन म्हणतात, लूझनिंगमध्ये येतं. पण घट्ट बसलेल्या स्टेममध्येही काही जणांना मांडी दुखते. धातू हाडापेक्षा कितीतरी ताठ, टायटॅनियमचा मिश्रधातू साधारण ११० गिगापास्कल आणि मांडीचं कठीण हाड वीसच्या आत. वजन वरच्या हाडावर न येता धातूतून खाली उतरतं आणि टोकाशी जाऊन हाडावर पडतं. तिथलं हाड मग स्वतःला जाड करत बसतं, त्याचाही डाग दिसतो आणि त्याचीही कळ येते.

परळची_सिस्टर:

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये आहे, मुंबईत. तुमच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मी देते कारण हा प्रश्न आमच्याकडे रोज येतो.

पेटलेलं काही नाही. इंजेक्शनमध्ये एक फॉस्फेटसारखं संयुग असतं, एमडीपी, त्याला टेक्नेशियम-९९एम जोडलेलं असतं. रोज सकाळी मोलिब्डेनमच्या जनरेटरमधून आम्ही टेक्नेशियम काढतो, आमच्यात त्याला मिल्किंगच म्हणतात, कारण धार काढल्यासारखं ठरल्या वेळी काढावं लागतं. त्याचं अर्धआयुष्य सहा तास, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शरीरात फारच थोडं उरतं. हे संयुग रक्तातून हाडापाशी जातं आणि जिथे नवीन खनिज घातलं जातंय तिथे चिकटतं. तीन तास थांबवतात ते यासाठी की हाडाला लागलं नाही ते लघवीवाटे निघून जावं, म्हणून पाणी प्यायला लावतात. मग गॅमा कॅमेरा आतून येणारे किरण मोजतो.

तेव्हा काळा डाग, रिपोर्टातला वाढलेला अपटेक, म्हणजे हाडाची बांधकामाची जागा. आता ते बांधकाम चांगल्यासाठी चाललंय की पडझड सावरण्यासाठी, हे कॅमेऱ्याला कळत नाही. फ्रॅक्चर भरतानाही काळंच दिसतं, इम्प्लांट पक्का होतानाही काळंच दिसतं, सैल इम्प्लांटभोवतीचं हाड सतत धडपडत असतं तिथेही काळंच. उलट इम्प्लांट नीट बसून काम संपलं की डाग फिका होत जातो.

एक विचारते, इंजेक्शन देताना लगेच मशीनखाली घेतलं होतं का? थ्री-फेज केलं असेल तर पहिल्या मिनिटात रक्त कसं येतं ते बघतात, मग पाच-दहा मिनिटांनी, मग तीन तासांनी. इन्फेक्शन असलं तर बहुतेक तिन्ही वेळा काळं दिसतं. फक्त शेवटचाच फोटो काळा असेल तर इन्फेक्शनची शंका कमी होते, आणि तुमच्या सीआरपीशीही ते जुळतं. आणि स्पेक्ट-सीटी झालंय का बघा. साध्या फोटोत डाग मांडीत आहे एवढंच कळतं, स्पेक्ट-सीटीत तो डाग सीटीच्या चित्रावर बसवतात, मग टोकाच्या बाहेरच्या कडेला आहे की सगळ्या स्टेमभर पसरलाय हे दिसतं. फरक खूप पडतो.

परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे काम १९६३ पासून चालू आहे, देशातलं पहिलं पेट, म्हणजे असंच किरण मोजणारं पण जास्त बारकाईचं स्कॅनर, २००२ ला तिथेच आलं. आईला सांगा हे नवीन किंवा प्रयोगाचं काही नाही, आणि तपासणीने तिला अपाय झालेला नाही.

क्ष_किरण:

ताई मी कोल्हापूरचा, एक्सरे टेक्निशियन, २२ वर्षं झाली या कामाला. वरच्या दोघांनी फोटो वाचायचं सांगितलं, मी काढायचं सांगतो कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात आणि पेशंटला ते कधीच कळत नाही.

तुमचा प्रश्न असा नाही की आज स्टेम कुठे आहे. प्रश्न असा की गेल्या वर्षी होता तिथेच आहे का. म्हणजे दोन फोटो लागतात, आणि दोन्ही एकसारखे काढलेले लागतात. हिपचा फोटो काढताना पेशंट उताणा, दोन्ही पाय पंधरा अंश आत वळवायचे, अंगठे एकमेकांकडे. दुखणारा माणूस पाय आपोआप बाहेर टाकतो, मग मी टाचा लांब ठेवून अंगठे जवळ आणतो आणि घोट्याशी वाळूची पिशवी लावतो, कधी नुसती चिकटपट्टी. हे न करता काढला की छोटा ट्रोकँटर, म्हणजे आतल्या बाजूचा हाडाचा उंचवटा, मोठा दिसतो आणि स्टेम तिरका बसल्यासारखा वाटतो. त्याच पेशंटचा पाय पुन्हा सरळ करून काढला की सगळं जागेवर. मी अशा फिल्म बघितल्यात की ज्यात स्टेम चार मिलिमीटर सरकला असं लिहिलं होतं आणि सरकला होता फक्त पाय.

दुसरं, स्टेमचं टोक आणि त्याखालचं दोन-तीन सेंटिमीटर हाड फिल्ममध्ये आलंच पाहिजे. छोट्या प्लेटवर घाईत काढला की टोक कापलं जातं आणि तुमच्या आईची कळ तर टोकाशीच आहे.

तिसरं, मोजमाप. एक्सरेत सगळं मोठं दिसतं, कारण हाड प्लेटपासून थोडं लांब असतं. पण हिपच्या पेशंटमध्ये देवाने नाही तर सर्जनने आत एक फूटपट्टी ठेवलेली असते, तो बॉल. ऑपरेशनच्या कागदात बॉलचा साइज असतो, २८, ३२ नाहीतर ३६. समजा ३२ चा बॉल फिल्मवर ३८ भरला, तर सगळं १.१९ पटीने मोठं आहे, मग बाकीची मापं त्याने भागायची. डिस्चार्जच्या फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात त्यावर बघा.

आणि हात जोडून सांगतो, फिल्मचा ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला मोबाइलचा फोटो सर्जनला व्हॉट्सॅप करू नका, त्यावर कुणीही काहीही मोजू शकत नाही. डायकॉमची, म्हणजे मूळ डिजिटल फोटोंची सीडी मागा, सेंटरवाले देतात. सगळ्यात मोलाची फिल्म आहे ती सहाव्या आठवड्याची. ऑपरेशननंतर लगेचची बहुतेक पोर्टेबलवर, पेशंट गुंगीत, पाय कसाही. ती सापडली तर ठेवा पण भरवसा सहाव्या आठवड्याच्या फिल्मवर.

लुंडकर:

मूळ गाव मिरज, सध्या स्वीडनमध्ये लुंडला, बायोमेकॅनिक्सच्या लॅबमध्ये काम करतो. क्ष_किरण यांनी जो मुद्दा मांडला ना, दोन फोटो एकसारखे नसले तर मोजमाप फसतं, नेमका त्याच मुद्द्यावर या गावात सगळं आयुष्य घालवलेली माणसं होऊन गेलीत म्हणून राहवलं नाही.

योरान सेल्विक यांनी १९७४ मध्ये इथेच आपल्या प्रबंधात एक पद्धत मांडली, तिला आरएसए म्हणतात. ऑपरेशनच्या वेळी हाडात टँटलमचे बारीक मणी टोचतात, एक मिलिमीटरच्या आसपासचे, मोहरीपेक्षाही लहान. टँटलम जड असल्यामुळे एक्सरेत ठळक दिसतं आणि शरीर त्याला काही करत नाही. मग एकाच क्षणी दोन ट्यूबमधून दोन कोनांतून एक्सरे काढायचे, पेशंटच्या खाली मोजलेल्या खुणांचा पिंजरा ठेवायचा, आणि गणिताने प्रत्येक मण्याची जागा तिन्ही दिशांत काढायची. पेशंट थोडा वाकडा झोपला तरी बिघडत नाही कारण हाडातले मणी आणि इम्प्लांट यांचं आपसातलं अंतरच बघायचं असतं. साध्या फिल्मवर दोन-तीन मिलिमीटरच्या आतलं काही छातीठोक सांगता येत नाही, आरएसएत मिलिमीटरचे एक-दोन दशांश कळतात.

याचा उपयोग असा झाला की इम्प्लांट दहा वर्षांनी सैल होणार का हे दोन वर्षांतच बऱ्यापैकी सांगता यायला लागलं. लेइफ रिड आणि मंडळींनी १९९५ मध्ये गुडघ्याच्या खालच्या भागावर दाखवलं की पहिल्या वर्षी सगळेच थोडे सरकतात, त्याने काळजी करायची नाही, पण पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या दरम्यान ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकत राहिला तर तो पुढे सैल व्हायची भीती. किती सरकला यापेक्षा थांबला का हे महत्त्वाचं. म्हणून नवीन डिझाइन हजारो लोकांत बसवायच्या आधी थोड्या पेशंटमध्ये आरएसए करून बघा असा आग्रह इथले लोक धरतात, आणि मला तो मनापासून पटतो, कारण वाईट डिझाइन कळायला दहा वर्षं गेली तर तेवढ्या काळात ते किती माणसांच्या शरीरात गेलेलं असतं याचा विचार करा.

अजून एक गोष्ट सांगायचीय, ती थेट उपयोगाची नाही पण आईंना सांगितली तर धीर येईल. हाड टायटॅनियमला धरतं हे कळलं तेच मुळी आत डोकावून बघण्याच्या प्रयोगातून. १९५२ च्या सुमारास इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं वाहतं ते जिवंतपणी सूक्ष्मदर्शकातून बघत होते. त्यासाठी हाडात बसवायची एक छोटी खिडकी केली होती, टायटॅनियमची. प्रयोग संपल्यावर खिडकी काढायला गेले तर निघेना. हाड धातूला इतकं चिकटलं होतं की हाड तुटेल पण ते सुटणार नाही. इम्प्लांट वगैरे डोक्यातही नव्हतं, बघायचं होतं रक्त. पुढे त्यांनी त्यावरच वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. आज दातांचे जे इम्प्लांट करतात ते तिथून आलं. ऑसिओइंटिग्रेशन हा शब्दही त्यांचाच.

आता आम्ही लॅबमध्ये काय करतो तर उंदराच्या किंवा सशाच्या हाडात छोटा स्क्रू बसवून मायक्रो-सीटीत फिरवतो, दहाएक मायक्रॉनपर्यंत बारकावा मिळतो, हाडाच्या एकेक काडीची जाडी मोजता येते. पण गंमत नव्हे, दुःख असं की जिथे सगळ्यात जास्त बघायचंय, धातूला अगदी लागून, तिथेच धातूमुळे चित्र बिघडतं, कडेला खोटी चमक येते. म्हणून शेवटी ते हाड स्क्रूसकट राळेत बसवून, कापून, घासून घासून पातळ काप करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात की धातूच्या किती टक्के काठाला हाड खरोखर टेकलंय. एक काप घासायला मला जवळजवळ अख्खी दुपार जाते आणि हात जरा जड पडला की सगळं गेलं. न्यूट्रॉनने काढलेली चित्रं इथे आशादायक वाटतात, कारण न्यूट्रॉन टायटॅनियममधून सहज पार जातात आणि हायड्रोजन असलेल्या ऊतींत अडतात.

जिवंत माणसात हाडाचं काम आकड्यात मोजायचं तर फ्लोराइड पेट. फ्लोरिन-१८ चं अर्धआयुष्य ११० मिनिटं, ते हाडाच्या खनिजातल्या हायड्रॉक्सिलच्या जागी जाऊन बसतं. उप्सालाच्या लोकांनी याने हिपभोवतीचं हाड वर्षानुवर्षं मोजलंय. सिस्टरांनी सांगितलेलीच कल्पना, पण जास्त स्पष्ट आणि मोजता येणारी.

कृष्णाकाठची:

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. बांधकामाची जागा हे आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती बराच वेळ फोटो हातात घेऊन बसली आणि मग म्हणाली, चहा टाकते. तीन दिवसांनी स्वतःहून स्वयंपाकघरात गेली.

फाइल काढून बसलेय. स्टिकर सापडले, बॉल ३२ चाच आहे. सहाव्या आठवड्याची फिल्म पण सापडली, कपाटावर कॅलेंडरच्या गुंडाळीत होती. बोन स्कॅन थ्री-फेज होता सिस्टर, रिपोर्टात पहिले दोन फेज नॉर्मल लिहिलंय, मी ती ओळ आधी वाचलीच नव्हती. एमआरआयचं कुणी सांगाल का?

हाडांचा_रजिस्ट्रार:

पहिले दोन फेज नॉर्मल, हे ऐकून बरं वाटलं.

एमआरआय होतो. टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही, आणि हाडात बसलेला कोबाल्ट-क्रोमचा भागही जागचा हलत नाही. फक्त आधी सांगायचं आणि इम्प्लांटचं कार्ड दाखवायचं. अडचण वेगळी आहे, धातूभोवती चुंबकक्षेत्र वाकडं होतं आणि चित्रात काळं भगदाड पडतं, कडा ओढल्यासारख्या दिसतात. ती बिघाड कमी करणारी मार्स नावाची तंत्रं आहेत, आणि त्यासाठी तीनपेक्षा दीड टेस्लाचं मशीन बरं पडतं, जास्त ताकदीचं मशीन इथे उलट त्रासदायक. एमआरआयचा खरा उपयोग मऊ ऊती बघायला, पाणी साठलंय का, गाठ आहे का. धातूवर धातू घासणारे जे हिप पूर्वी बसवले जायचे त्यांच्यात अशा गाठी व्हायच्या. तुमच्या आईंचा बॉल सिरॅमिक किंवा धातूचा आणि आतलं अस्तर प्लास्टिकचं असेल तर तो प्रश्न सहसा येत नाही. त्यामुळे आधी एक्सरेची तुलना होऊ दे, त्याचं उत्तर न मिळाल्यास पुढचं.

अजून एक, वरच्या बाजूचं हाड थोडं फिकट, विरळ दिसलं तर घाबरू नका. स्टेमभोवतीच्या हाडाचे सात भाग पाडतात, १९७९ मध्ये ग्रुएन यांनी पाडले, त्यातला सातवा म्हणजे आतल्या बाजूचा वरचा. डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजायची तपासणी, करून मोजलं तर पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त घट बहुतेक तिथेच येते. वजन धातूतून खाली जातं, वरच्या हाडाला काम राहत नाही, आणि काम नसलं की हाड विरळ होतं. व्होल्फ यांनी हा नियम १८९२ मध्येच सांगितलाय. ते सैल झाल्याचं लक्षण नाही.

बाबांचा_मुलगा:

मी सहसा फक्त वाचतो, पण आज लिहितोय. माझ्या वडिलांचं उलटं झालं. हिप १७ वर्षं अजिबात दुखला नाही. पहिली पाच वर्षं दरवर्षी एक्सरेला नेलं, मग दुखत नाही तर कशाला म्हणून सोडून दिलं, डॉक्टरही म्हणाले दुखलं तर या. पुढे मूतखड्यासाठी पोटाचा सीटी काढला तेव्हा तिथल्या रेडिओलॉजिस्टने सहज खाली बघितलं आणि आम्हाला आत बोलावलं. कपच्या मागे हाडात लिंबाएवढी पोकळी होती. प्लास्टिकचं अस्तर झिजून त्याचे कण, डोळ्यांना न दिसणारे, हाडात गेलेले, पेशी ते गिळतात, पचत नाहीत, आणि त्या गडबडीत हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात असं नंतर सर्जननी समजावलं. मी विचारलं एक्सरेत आधी दिसलं नसतं का, तर म्हणाले निदान तीसेक टक्के खनिज गेल्याशिवाय एक्सरेत पोकळी उठून दिसत नाही, आणि कपच्या मागची तर धातूच झाकतो, पण वर्षावर्षाच्या फिल्म शेजारी लावल्या असत्या तर बॉल कपमध्ये मधोमध न राहता वर सरकत चाललेला दिसला असता. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्याकडे फिल्म होत्या, पाच वर्षांच्या, पण नंतरच्या बारा वर्षांची एकही नाही.

रिव्हिजन झालं, म्हणजे हिप पुन्हा बदलायचं ऑपरेशन, हाड भरावं लागलं, बाबा आता चालतात पण काठीने. ताई, तुमच्या आईला दुखतंय म्हणून तुम्ही बघताय. दुखायचं थांबलं तरी बघत राहा. हल्लीचं प्लास्टिक क्रॉसलिंक केलेलं असतं, खूपच कमी झिजतं, तरीसुद्धा.

क्ष_किरण:

दादा, वाचून वाईट वाटलं. अशा केस आम्ही बघतो, आणि त्यात घरच्यांची चूक नसते, कुणी सांगितलेलंच नसतं.

कृष्णाकाठची:

शुक्रवारचं सांगते. बाबांचा_मुलगा, तुमचं वाचून मी सीडी सोबत नेली, जुन्या दोन्ही आणि नवीन. सरांनी तिन्ही स्क्रीनवर शेजारी लावल्या, बॉलवर गोल काढून माप बसवलं, मग मोठ्या ट्रोकँटरच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याच्या टोकापासून स्टेमच्या खांद्यापर्यंत रेघ ओढली. पहिल्या फिल्मपासून सहाव्या आठवड्यापर्यंत अडीच-तीन मिलिमीटर खाली बसलेला वाटतोय, पण सर म्हणाले पहिली पोर्टेबल आहे आणि पाय बाहेर पडलाय त्यामुळे त्यावर जास्त बोलणार नाही. सहाव्या आठवड्यापासून आजपर्यंत फरक नाही. खरखरीत भागाशी रेघ नाही. टोकापाशी बाहेरच्या बाजूचं हाड जाड झालंय, मला दाखवलं, सहाव्या आठवड्याच्या फिल्ममध्ये तिथे सरळ कड आहे आणि आत्ताच्यात बारीक फुगवटा, बांगडीच्या वाकासारखा. आईने बोट ठेवलं तिथेच आणि म्हणाली, हीच ती जागा.

सरांचं म्हणणं आत्ता लूझनिंग म्हणत नाही, पण नाहीच असंही आज म्हणत नाही. स्पेक्ट-सीटीची गरज आत्ता नाही, सहा महिन्यांनी परत तशीच फिल्म, तोपर्यंत चालणं चालू ठेवायचं, पडून राहायचं नाही. कळ वाढली किंवा रात्री दुखायला लागलं तर लगेच यायचं. आईला पूर्ण निर्धास्त वाटलं असं नाही, मला पण नाही, पण आता कशाची वाट बघतोय हे तरी कळतंय.

क्ष_किरण दादा, एक विचारायचं राहिलं. पुढची फिल्म पौषात असेल आणि वाईतच काढू. पाय पंधरा अंश आत, टोकाखालचं हाड यायला हवं, हे कागदावर लिहून नेलं तर तिथले टेक्निशियन रागावतील का?

क्ष_किरण:

न्या. कागद नको, सहाव्या आठवड्याची फिल्मच न्या आणि म्हणा अशीच काढून द्या. समोर फिल्म असली की आम्ही पोझिशन त्याच्यावरून जुळवतो, छोटा ट्रोकँटर तेवढाच दिसेपर्यंत पाय फिरवतो. आणि त्या वेळी प्लेट मोठी मागा.